कार्ट्रिजचा प्रिंटर की इंक टँकचा? घरात आल्यावर तो ऐकतो कुणाचं, यावरून ठरवा

घरी प्रिंटर घ्यायचं ठरलं की सगळी चर्चा एका पानाला किती खर्च येतो याभोवती फिरते. तो हिशेब आता सगळ्यांना पाठ आहे: कार्ट्रिजवाला (शाईची तयार डबी बसवायची तो) घेताना स्वस्त आणि चालवताना महाग, टँकवाला (टाकीत बाटलीतून शाई ओतायची तो) बरोबर उलटा. मिनिटाला किती पानं, डीपीआय किती, वायफाय आहे का, हे खोक्यावर छापलेलंच असतं, त्यात मी शिरत नाही. दोन्ही प्रकारचे प्रिंटर मी घरात वापरले आहेत आणि त्यावरून माझं मत असं झालंय की खर्चाच्या आधी एक वेगळा प्रश्न विचारायला हवा. पैसे मोजून आणलेलं यंत्र आपलं ऐकणार, की ज्याने बनवलं त्याचंच ऐकत राहणार?

आधी कार्ट्रिजच्या बाजूने बोलून घेतो, कारण पुढे फारसं बोलणार नाहीये. बऱ्याच स्वस्त मॉडेलमध्ये छापणारं हेड कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं. प्रिंटर कितीही दिवस झाकून ठेवला, शाई वाळून खडा झाली, तरी नवं कार्ट्रिज टाकलं की हेडही नवं येतं आणि काम सुरू. बऱ्याच टँकवाल्यांत हेड यंत्रातच पक्कं बसवलेलं असतं. ते तुंबलं की हेड क्लीनिंग करा, मग डीप क्लीनिंग करा, एवढं करूनही पट्टे पडत राहिले तर सर्व्हिस सेंटर गाठा. वर्षाकाठी मोजकी पानं छापणाऱ्याला मी टँकचा आग्रह करणार नाही. खरं तर त्याने प्रिंटरच घेऊ नये, पण तो विषय वेगळा.

आता चिपकडे येऊ. कार्ट्रिजच्या अंगावर सोनेरी ठिपक्यांची नखाएवढी पट्टी असते, ती. ती दोन कामं करते: कार्ट्रिज कुणाचं आहे हे प्रिंटरला सांगते आणि शाई किती उरली याची नोंद ठेवते. ही नोंदसुद्धा बहुतेक वेळा खरी मोजणी नसते; किती थेंब उडवले यावरून बांधलेला अंदाज असतो. म्हणून ‘शाई संपली’ असं दिसल्यावर कार्ट्रिज हातात घ्यावं तर ते अजून जड लागतं. इथवर मी समजून घेतो. खरी गोम अशी की त्या चिपला पास करायचं की नापास, हे प्रिंटरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलं असतं, आणि फर्मवेअर तुम्ही प्रिंटर घरी आणल्यानंतरही बदलता येतं. तुम्हाला न विचारता.

माझ्याकडचा कार्ट्रिजवाला ऑल-इन-वन होता, म्हणजे छपाई आणि स्कॅन एकाच यंत्रात. कंपनीचं नाव घेत नाही. त्यात मी बाहेरची, म्हणजे ‘कम्पॅटिबल’ कार्ट्रिज वापरायचो आणि माझ्या कामापुरती ती उत्तम चालली. एका सकाळी सही केलेला एकच कागद स्कॅन करून पाठवायचा होता. प्रिंटर चालू केला, तर छोट्या स्क्रीनवर ओळ आली की कार्ट्रिज ओळखता येत नाही, बदला. मला छापायचं नव्हतंच, म्हणून ती ओळ बाजूला सारून स्कॅनच्या मेनूत जायला गेलो, तर जाताच येईना. ओके दाबलं की तीच ओळ. कार्ट्रिज काढलं, ठिपके कोरड्या फडक्याने पुसले, परत बसवलं. कार्ट्रिज धरणारं कॅरेज सरकत मधोमध आलं, दोनदा टकटक केलं, कोपऱ्यात गेलं, आणि पुन्हा तेच. माहितीचं पान उघडून पाहिलं तेव्हा फर्मवेअरची आवृत्ती बदललेली दिसली. आदल्या रात्री यंत्राने स्वतःच स्वतःला अपडेट केलं होतं.

स्कॅनरमध्ये असतं काय? एक काच, एक दिवा, एक सेन्सर आणि तो सरकवणारी मोटर. शाईचा एक थेंब लागत नाही. बाहेरची शाई वापरली तर रंग फिके येतील, हेड लवकर जाईल, वॉरंटीत खुसपट निघेल. ते सगळं मला कबूल होतं, धोका माझा होता. पण काचेचे आणि दिव्याचे पैसे मी दिलेले होते आणि त्यांचा शाईशी संबंध नव्हता. शेवटी तो कागद मोबाइलने फोटो काढून पाठवला. माझ्यापुरता निकाल त्याच दिवशी लागला. पानामागचा खर्च वगैरे कारणं मी नंतर जोडली.

एका मॉडेलवरून सगळ्यांना झोडपणं बरोबर नाही, आणि तुमचा कार्ट्रिजवाला वर्षानुवर्षं गुणी बाळासारखा चालतही असेल. पण प्रकार एकट्यादुकट्याचा नाही. १३ सप्टेंबर २०१६ ला एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी तोवर चालत असलेली इतरांची कार्ट्रिज एकाच दिवशी नाकारली. ओरड झाल्यावर कंपनीने आधी नीट सांगितलं नाही याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि ती अट काढणारं वेगळं फर्मवेअर दिलं. धोरण मात्र ‘डायनॅमिक सिक्युरिटी’ या नावाने पुढे चालू राहिलं. २०२० च्या डिसेंबरात इटलीच्या स्पर्धा नियामकाने याच कंपनीला एक कोटी युरोंचा दंड केला. या मर्यादा ग्राहकाला स्पष्टपणे सांगितल्या नाहीत, हे त्यातलं एक कारण होतं. म्हणजे आक्षेप मुख्यतः न सांगण्यावर. सांगून अडवलं तर काय, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहतो.

कायदा काय म्हणतो, हे बघायला अमेरिकेतला लेक्समार्कचा खटला चांगला आहे. ‘एकदा वापरून आम्हालाच परत करा’ या अटीवर ही प्रिंटर कंपनी टोनरची (लेझर प्रिंटरमधली शाईची पूड) कार्ट्रिज सवलतीत विकायची. इम्प्रेशन प्रॉडक्ट्स नावाची छोटी कंपनी ती रिकामी कार्ट्रिज मिळवून, भरून पुन्हा विकायची. लेक्समार्कने पेटंटचा दावा लावला. ३० मे २०१७ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की वस्तू विकली तिथे तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला, मग विकताना कागदावर काहीही अट लिहिलेली असो. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी उदाहरण दिलं ते जुन्या गाड्या दुरुस्त करून विकणाऱ्या गॅरेजचं: गाडीतल्या प्रत्येक सुट्या भागाचा पेटंटधारक विक्रीनंतरही दारात उभा राहू लागला तर हा धंदा चालायचाच नाही. त्याआधी याच कंपनीने चिपला बगल देणं म्हणजे कॉपीराइटचा भंग, असंही म्हणून पाहिलं होतं. २००४ मध्ये अपील कोर्टाने ते मानलं नाही.

निकाल ग्राहकाच्या बाजूचे आहेत, वाचून बरं वाटतं. पण कोर्टाने सांगितलं एवढंच की रिकामं कार्ट्रिज पुन्हा भरणाऱ्याला पेटंट दाखवून अडवता येणार नाही. तुमच्या प्रिंटरने ते स्वीकारलंच पाहिजे, असं कुठे म्हटलंय? हक्क तुमचा, कुलूप त्यांचं.

आणि ते कुलूप छपाईसाठी किती गरजेचं असतं, याचं उत्तर २०२२ च्या जानेवारीत अनपेक्षित ठिकाणाहून आलं. जगभर चिपांचा तुटवडा होता, म्हणून कॅननने ऑफिसच्या काही मशीनचे टोनर बिनचिपचे विकायला काढले. मशीन ते नकली समजून तक्रार करणार हे उघड होतं, तेव्हा ती सूचना ओलांडून पुढे कसं जायचं हे कंपनीनेच ग्राहकांना समजावून सांगितलं. छपाईच्या दर्जावर परिणाम होत नाही, असंही त्यात होतं. यावर मी आणखी काय बोलणार?

कार्ट्रिजच्या जगात आता सबस्क्रिप्शनही आलंय. महिन्याला ठरावीक पानांचे पैसे भरा, कार्ट्रिज घरपोच येतात. दर महिन्याला साधारण तेवढीच पानं छापणाऱ्याला ही सोय वाईट नाही. काही जण खूश आहेत आणि त्यांच्याशी मी वाद घालत नाही. मात्र एचपीच्या ‘इन्स्टंट इंक’मध्ये योजना बंद केली की घरात असलेलं, अर्धं भरलेलं कार्ट्रिजही छापायचं थांबतं, कारण ते तुमचं कधी नव्हतंच. आणि त्यांच्याच ‘एचपी प्लस’ या योजनेला सुरुवातीच्या सेटअपमध्ये हो म्हटलं की प्रिंटर कायम इंटरनेटला जोडलेला हवा आणि शाई कायम त्यांचीच हवी, हा निर्णय नंतर फिरवता येत नाही. जादा वॉरंटीच्या आमिषाने त्या बटणावर बोट पटकन जातं. सांभाळा.

आता टँक. ही कल्पना मुळात ग्राहकांच्या खटपटीतून रुजली, हे मला आवडतं. कारखान्यातून टाक्या येण्याआधी लोक कार्ट्रिजवाल्या प्रिंटरला नळ्या जोडून शाईच्या बाटल्या बाहेर ठेवायचे. २०१० मध्ये एप्सनने इंडोनेशियात कारखान्यातूनच टाकी बसवलेला प्रिंटर आणला, मग कॅनन, ब्रदर आणि एचपीही त्या वाटेने आले. टाकीत शाई ओततात; मी वापरलेल्या टँकवाल्याने बाटली कुणाची हे कधी विचारलं नाही. पातळी बाहेरून डोळ्यांनी दिसते, अंदाजावर विश्वास ठेवावा लागत नाही. काही बाटल्यांच्या तोंडाला खाचा असतात, त्या चुकीच्या रंगाच्या टाकीत बसू नयेत म्हणून. तेवढं शहाणपण मला चालतं.

टँकवाला म्हणजे संपूर्ण स्वातंत्र्य, असं मात्र समजू नका. त्यालाही एक कुलूप आहे आणि ते दुकानात कुणी दाखवत नाही. हेड साफ करताना वाया जाणारी शाई तळाशी एका स्पंजच्या गादीत मुरते. ती गादी किती भरली हे पुन्हा एक काउंटर ठरवतो, आणि आकडा भरला की प्रिंटर छापायचा थांबतो, आयुष्य संपल्याची पाटी लावून. २०२२ मध्ये एप्सनला यावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं. शाई सांडून फर्निचर खराब होऊ नये म्हणून हे करतो, असं कंपनीचं म्हणणं, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण गादी बदलणं घरबसल्या शक्य हवं. म्हणून टँक घेताना ‘मेंटेनन्स बॉक्स’, म्हणजे वाया शाई जमा होणारा सुटा डबा, आपला आपण बदलता येतो का, हे आधी बघा. त्या बॉक्सलाही चिप असते, हे आलंच. तरी बॉक्स बदलणं आणि अख्खा प्रिंटर भंगारात देणं यात फरक आहे.

बाकी त्रास छोटे आहेत. शाई भरताना बोटं रंगतात. घर बदलताना प्रिंटर आडवा करायचा नाही, नाहीतर गाडीत रंगपंचमी. बरेच दिवस काहीच छापलं नाही तर हेड तुंबतं, म्हणून मी अधूनमधून एखादं रंगीत पान उगाच काढतो. हे सगळे माझ्या हातातले त्रास आहेत. तो काउंटर सोडला तर यंत्र हट्ट करतं तेव्हा कारण शाई असतं, धूळ असते किंवा वापर नसणं असतं, दुसऱ्या कुणाचं धोरण नसतं.

लेझरचं काय, असं कुणीतरी विचारणारच. फक्त काळं छापायचं असेल तर साधा मोनो लेझर उत्तम. टोनर वाळत नाही. टोनरलाही बहुतेक वेळा चिप असते, त्यामुळे वरचं सगळं तिथेही लागू. रंगीत लेझरपैकी अनेक मॉडेल पानावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके छापतात, ज्यातून प्रिंटरचा क्रमांक कळू शकतो. २००५ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने झेरॉक्सच्या एका मॉडेलचे ठिपके उलगडून दाखवले होते. एरवी फरक पडत नाही. मला आवडत नाही एवढंच.

नवे कायदे येईपर्यंत थांबावं का? मी थांबलो नसतो. युरोपीय संघाच्या दुरुस्तीच्या हक्काच्या २०२४ च्या निर्देशात वॉशिंग मशीन, फ्रिज, मोबाइल, टॅबलेट अशा वस्तूंची यादी आहे; प्रिंटर त्या यादीत नाही.

तेव्हा महिन्यातून काही पानं तरी नियमित छापत असाल, तर माझा कल टँककडे आहे, सुरुवातीचा खर्च टोचला तरी. कार्ट्रिजवालाच घ्यायचा असेल तर पहिल्या सेटअपला आपोआप अपडेट बंद करा, खातं उघडायचा आग्रह शक्य तिथे टाळा, आणि सेटिंगमध्ये कार्ट्रिजला त्या एकाच प्रिंटरशी जखडणारा पर्याय असेल तर तो बंद ठेवा. नाहीतर तेच कार्ट्रिज त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रिंटरमध्येही चालत नाही. दोन्हींपैकी काहीही घ्या, एअरप्रिंट (आयफोनसाठी) किंवा मोप्रिया (अँड्रॉइडसाठी) ही मोबाइलवरून थेट छापायची सोय आहे का एवढं पाहून घ्या, म्हणजे कंपनीचं ॲप न टाकताही मोबाइलवरून छापता येतं. आणि दुकानात डेमो मागाल तेव्हा विक्रेत्याला सांगा, एक कार्ट्रिज काढून ठेवा आणि आता स्कॅन करून दाखवा.