ब्रायोप्सिसवर फ्लुकोनाझोल: आठ महिन्यांनंतर

आधी सांगून टाकतो, ब्रायोप्सिस या शेवाळावर फ्लुकोनाझोलची गोळी लागू पडली. पण त्याआधीचे पाच महिने मी भलत्याच शेवाळावर इलाज करत बसलो होतो.

खाऱ्या पाण्याची टाकी तीन फुटी, दगड-वाळू वजा जाता पाणी १८० लिटर. झोअँथिड, मशरूम आणि एक लेदर ही कोरलं, आणि क्लाउन माशांची जोडी. दगडांवर हिरवं उगवायला लागलं तेव्हा हेअर अल्गी समजून सगळे नेहमीचे उपाय केले. दिव्याचे तास कमी केले, फॉस्फेट रिमूव्हर लावला, टर्बो गोगलगाई आणल्या. त्या बायका याला वळसा घालून काच चाटत बसायच्या. टूथब्रशने घासलं तर आठवड्यात दुप्पट, कारण तुटलेला तुकडा जिथे अडकेल तिथे रुजायचा. आई येता-जाता टाकीत डोकावून विचारायची, "तुझा शेपू काढणीला आला की नाही रे?"

शेवटी तिचाच शब्द खरा निघाला. एक झुबका उपटून पांढऱ्या वाटीतल्या पाण्यात सोडला आणि भिंग धरलं. हेअर अल्गी असती तर नुसते धागे दिसले असते, ओल्या केसांसारखे. इथे मधे देठ आणि त्याच्या दोन्ही अंगांना बारीक पिसं. ब्रायोप्सिस.

मॅग्नेशियम १६०० पीपीएमपर्यंत चढवायचा जुना उपाय आधी केला. सहा आठवड्यांत शेवाळ जरा पिवळं पडलं, गोगलगाई मात्र उलट्या पडायला लागल्या. तो नाद सोडला.

मग फ्लुकोनाझोल. हे माणसांचं बुरशीवरचं औषध. छंदातली मंडळी लिटरला ५ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे मला ९०० मिलिग्रॅम, १५० च्या बरोब्बर सहा गोळ्या. केमिस्टने चष्म्यावरून पाहिलं. "साहेब, ही एकच घेतात. आणि चिठ्ठी?" माशांसाठी म्हटल्यावर त्याचा चेहरा आणखीच बदलला. शेवटी ओळखीच्या पशुवैद्यांकडून लिहून आणलं. खर्च एका नव्या गोगलगाईपेक्षा कमी.

गोळ्या कुटून कोमट आरओ पाण्यात विरघळवल्या आणि रात्री संपमध्ये, म्हणजे टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत, ओतल्या. पाणी गाळणारा कार्बन काढला, यूव्ही दिवा बंद, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) चालू पण कप काढून, म्हणजे हवा खेळती राहते. संपमधलं किटो, म्हणजे मुद्दाम वाढवलेलं शेवाळ, वेगळ्या बादलीत हलवलं.

पहिले पाच दिवस काही म्हणजे काही झालं नाही. इथेच लोक धीर सोडून दुसरा डोस ओततात. सातव्या दिवशी टोकं राखाडी दिसली, बाराव्या दिवशी बोट लावलं की झुबका दगडावरून सुटून यायला लागला. मेलेलं शेवाळ नळीने रोज ओढून काढलं, नाहीतर ते तिथेच कुजून नायट्रेट वाढतं. तीन आठवड्यांनी पाव टाकी पाणी बदललं आणि कार्बन परत लावला. कोरल, कोळंबी, मासे, कोणालाच काही झालं नाही. लेदरने चार दिवस तोंड मिटलं होतं, पण तो तर कोणी पाहुणे आले तरी मिटतो.

चौथ्या महिन्यात ओव्हरफ्लोच्या (पाणी संपमध्ये उतरतं त्या कप्प्याच्या) मागे, जिथे हात पोचत नाही, एक झुबका परत दिसला. दुसरा डोस दिला. त्यानंतर आजपर्यंत नाही.

लाल चादरीसारखं जे वाळूवर पसरतं ते सायनो, म्हणजे बॅक्टेरिया. त्यावर ही गोळी फुकट जाते. माझ्या मित्राने घालून पाहिली, चादर तशीच.

गोळीला दोष देता येणार नाही, पण नंतरची गोष्टही सांगायला हवी. शेवाळ गेल्याच्या आनंदात मी फॉस्फेट रिमूव्हर तसाच चालू ठेवला. नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर आले आणि वाळूवर तपकिरी शेंबूड धरायला लागला, त्यात हवेचे बुडबुडे. दुपारी जाड, रात्री गायब. मुलीच्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवला, तर तिळाच्या दाण्यासारख्या पेशी, निमुळतं टोक एका जागी टेकवून गरगर फिरणाऱ्या. ऑस्ट्रिओप्सिस, डायनोफ्लॅजेलेट जातीचे एकपेशीय जीव. या रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतात, त्यामुळे यूव्ही लागू पडतो. रिमूव्हर काढून टाकलाय, नायट्रेट ५ च्या खाली जाऊ देत नाही आणि यूव्ही रात्रभर चालू असतो. शेंबूड निम्म्यावर आलाय. आई म्हणते, शेपूच बरा होता.