मुरघासात एन्झाईम टाकलं, फरक पडला का?

मक्याच्या मुरघासात (म्हणजे बॅगेत हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा) यावेळी एन्झाईमची पावडर वापरून बघितली, अर्ध्या बॅगा पावडरवाल्या आणि अर्ध्या साध्या, मका दोन्हीकडे एकाच प्लॉटचा. दीड महिन्याने उघडल्या तर दोन्हीला तोच छान आंबूस वास, रंग पण सेम. पावडरवाली कुट्टी हातात दाबली की जरा मऊ लागते आणि जनावरं गव्हाणीत देठं कमी ठेवतात एवढं खरं, पण दुधात म्हणाल तर मला तरी फरक दिसला नाही.

कारण सोपंय, एन्झाईम चाऱ्यातले तंतू फोडून साखर मोकळी करतं आणि ती खाऊन बॅक्टेरिया लॅक्टिक ॲसिड बनवतात, पण मक्यात साखर आधीच भरपूर असते! गवत किंवा लसूणघासाला जास्त उपयोग होईल. आणि हो, एक बॅग मी ओल्या मक्याची भरली होती, तिच्यातून नुसतं पाणी गळत होतं, तिथे पावडर काय करणार. मका ३० ते ३५ टक्के ड्राय मॅटरला (म्हणजे पाणी सोडून उरणारा कोरडा भाग) कापा, दाबून हवा काढा, मग उरले पैसे तर पावडर. पाचपैकी अडीच स्टार.