सवतीचा टाक आणि ‘रिबेका’

आमच्या सेलूत मे महिन्यात दुपारी दोन ते पाच मेडिकलकडे कुत्रं फिरकत नाही. पारा 43वर. आलाच तर एखादा ओआरएसची पाकिटं मागायला येतो. त्या वेळात मी एक्स्पायरीचा माल बाजूला काढते. यंदा ते काम पडून राहिलं, कारण डॅफ्नी ड्यू मोरिये यांची ‘रिबेका’ हाती लागली.

माझं इंग्रजी डी.फार्म.चं, म्हणजे गोळ्यांच्या पाकिटामागचं. तरी ही 1938ची कादंबरी मला झेपली. अडले ते फक्त झाडाफुलांच्या नावांपाशी, आणि ती गाळली तरी काही बिघडत नाही.

एका श्रीमंत बाईची पगारी सोबतीण म्हणून हिंडणारी एक बुजरी पोरगी. माँटे कार्लोच्या हॉटेलात तिला दुप्पट वयाचा बिजवर भेटतो, मॅक्झिम डी विंटर. घाईघाईत लग्न होतं आणि ती मॅन्डरली नावाच्या त्याच्या थोरल्या वाड्यात येते. पहिली बायको रिबेका होडीसकट समुद्रात बुडालेली. एवढंच. भूत नाही, रात्री वाजणारी पैंजणं नाहीत. तरी मी दुकानात बसल्या बसल्या दोनदा मागं वळून पाहिलं.

सांगणारी ही दुसरी बायको, आणि अख्ख्या पुस्तकात तिचं नाव येत नाही. मला हे बरंच पुढं गेल्यावर लक्षात आलं. मग नाव राहिलं कुठं म्हणून मागची पानं चाळली, तर कुठंच नाही. मेलेलीचं नाव मात्र थेट मुखपृष्ठावर!

एक प्रसंग सांगते. वाड्यातली पहिली सकाळ. ती रिबेकाच्या टेबलाशी बसलीय. फोन वाजतो, पलीकडून कोणीतरी मिसेस डी विंटरना विचारतं. ही गडबडून सांगते, त्यांना जाऊन वर्ष होऊन गेलं. आणि मग तिच्या ध्यानात येतं की मिसेस डी विंटर आता आपणच! फोन घरातलाच असतो, कारभारीण मिसेस डॅन्व्हर्सचा. मी तिथं पुस्तक मिटून पाणी प्यायले.

ही डॅन्व्हर्स रिबेकाच्या लहानपणापासूनची. ओरडत नाही, टोमणा मारत नाही, अदबीनं ‘मॅडम’ म्हणते. नवी नवरी आली त्या दिवशी सगळी नोकरमंडळी रांगेत उभी, हिच्या हातातले मोजे पडतात, डॅन्व्हर्स वाकून उचलून देते. तिच्या ओठांवरचं ते हसू वाचलं आणि माझ्या कानशिलाला घाम आला. तिनं रिबेकाची खोली जशीच्या तशी ठेवलीय, पलंगावर रात्रीचा झगासुद्धा. पुढं मालकिणीच्या हातून एक चिनी मातीची बाहुली फुटते, तर ती तुकडे पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये लपवते. घराची मालकीण, आणि भिते कारभारणीला! सासुरवास काढलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

धाक वाटतो तो असा. घडतं थोडं, ही बाई मनात घडवते फार. लोक आपल्याबद्दल काय बोलत असतील ते पूर्ण संवादासकट रचते. आणि जिथं खरंच घात असतो, तिथं तिला दिसत नाही, आपल्याला दिसतो. पार्टीत घालायच्या वेषाबद्दल डॅन्व्हर्स गोड बोलून एक सुचवते, तेव्हा मी मोठ्यानं ‘नको गं बाई’ म्हणाले. समोर खोकल्याचं औषध घ्यायला आलेले मामा दचकले.

लेखिकेनं ही लिहायला घेतली ती इजिप्तमध्ये. नवरा फौजेत, पोस्टिंग अलेक्झांड्रियाला. तिथल्या उकाड्यात बसून इंग्लंडातल्या समुद्रकाठच्या कॉर्नवॉलचं धुकं आठवत लिहिलंय. म्हणून की काय, कूलरमधलं पाणी संपलेलं असतानाही मला वाचताना ओल जाणवत होती.

माझी आजीही बिजवराला दिलेली. तिच्या गळ्यात सवतीचा टाक आहे, म्हणजे मेलेल्या पहिल्या बायकोची प्रतिमा, चांदीची, रुपयाएवढी, झिजून चेहरा पुसलेली. नवं लुगडं आधी त्याला लावायचं, मग नेसायचं. लहानपणी मला त्याची भीती वाटायची. रात्री तूर निवडत बसलेल्या आजीनं विचारलं, “काय वाचायलीस गं येवढं?” मी गोष्ट सांगितली. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मंग तिचा टाक नव्हता केला व्हय त्यांनी? गळ्यात आसती तर घरभर कशाला हिंडली आसती?”

मॅन्डरलीत रिबेकाबद्दल कोणी तोंडच उघडत नाही, आणि नवरा तर सगळ्यात आधी गप्प. मला तो शेवटपर्यंत आवडला नाही. त्यानं एक दिवस समोर बसवून चार वाक्यं बोलली असती तर निम्मी कादंबरी झालीच नसती. शेवटच्या भागात लेखिका त्याला फार सांभाळून घेते, ते पटलं नाही. मधला भागही रेंगाळतो, चहा आणि बागेतली फुलं संपता संपत नाहीत. पण समुद्रात एक जहाज रुततं आणि तिथून पुढं खाली ठेवता येत नाही. शेवटी सगळं येऊन थांबतं एका डॉक्टरच्या डायरीतल्या नोंदीवर. आम्हा मेडिकलवाल्यांना याची वेगळीच मजा. जास्त सांगत नाही.

यावरून 1964 साली हिंदीत ‘कोहरा’ निघाला, त्यात त्या कारभारणीच्या जागी आपल्या ललिता पवार. तो आधी बघू नका, गंमत जाईल.

माझी प्रत संभाजीनगरच्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडची, 80 रुपयांची. नेमकं ती जिना उतरते तिथलं पान गायब! पुण्याच्या भाच्यानं लायब्ररीतल्या प्रतीचा फोटो पाठवेपर्यंत दोन दिवस जीव टांगणीला. तुम्ही घ्याल तेव्हा दुकानातच पानं मोजा.