लिव्हर बदललेल्या पेशंटसाठी औसा रोडची लॅब

लातुरात औसा रोडला रक्त तपासणीच्या लॅब ढीगभर आहेत. आमच्या मंडळींचं लिव्हर पुण्यात बदललं, तेव्हापासून त्यांचं रक्त आम्ही पहिल्या मजल्यावरच्या या एकाच लॅबमध्ये देतो.

टॅक्रोलिमस म्हणजे नवं लिव्हर शरीरानं नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी. तिची रक्तातली पातळी बघायची तर रात्रीच्या गोळीला 12 तास होत आल्यावर, सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यावं लागतं. इथला पोरगा सुई हातात घेण्याआधीच विचारतो, "मावशी, सकाळची गोळी घेतली का? घेतली असंल तर उद्या या." रात्रीच्या गोळीची वेळही तो जांभळ्या टोपणाच्या नळीवर लिहून ठेवतो. दुसरीकडं हे कुणी विचारलं नव्हतं.

मंडळींना 1988 साली बाळंतपणात रक्त चढवलं होतं. लिव्हर खराब करणारा हिपॅटायटिस सीचा विषाणू शास्त्रज्ञांनी ओळखला 1989 साली, मग तेव्हा तपासणार कोण? लिव्हर बदललं तेव्हाही तो रक्तात होताच आणि असा विषाणू नव्या लिव्हरमध्ये काही तासांतच शिरतो. स्वतःची नक्कल करताना झालेल्या चुका तो दुरुस्त करत नाही, म्हणून एकाच माणसाच्या अंगात त्याची कितीतरी वेगळी रूपं असतात. त्यात प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू, म्हणजे त्याला रान मोकळंच.

डॉक्टरांनी व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती) आणि जीनोटाइप (तो कोणत्या प्रकारचा) दोन्ही लिहून दिलं होतं. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "काका, आधी लोड येऊ द्या. रक्तात विषाणू कमी असला तर जीनोटाइप निघत नाही, पैसे वाया जातील. मी प्लाझ्मा गोठवून ठेवते." लोड लाखांत आला, मग तोच नमुना मुंबईला गेला. टाइप 3 निघाला. आपल्या देशात हाच जास्त आढळतो. सोफोसबुविर-वेलपाटासविर हे विषाणूवरचं औषध 12 आठवडे दिलं. विषाणू हटला की लिव्हर सुधारतं आणि टॅक्रोलिमसची पातळी खाली जाऊ शकते, म्हणून तेही बघत राहावं लागलं. गोळ्या थांबल्यावर 12 आठवड्यांनी रिपोर्ट आला: नॉट डिटेक्टेड. मी जिन्यातच बसलो आणि पोराला फोन लावला.

पुढं एका दुसऱ्या लॅबनं चिठ्ठीत आरएनए (खुद्द विषाणू शोधणारी टेस्ट) लिहिलेलं असताना अँटिबॉडी (विषाणूशी लढायला शरीरानं बनवलेला पदार्थ) टेस्ट केली आणि लाल अक्षरात "रिॲक्टिव्ह" छापून दिलं. मंडळींनी त्या दिवशी ताटाला हात लावला नाही. अँटिबॉडी आजार बरा झाल्यावरही रक्तात राहते, हे सांगायला तिथं कुणी नव्हतं. औसा रोडच्या मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवून समजावलं, तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला.

लिफ्ट नाही, ही मोठी अडचण आहे. ऑपरेशननंतर जिना चढवत नसेल तर खालच्या मेडिकलवाल्याला सांगा, पोरगा नळ्या घेऊन खाली येतो. टॅक्रोलिमसचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळतो, त्यामुळं शनिवारी रक्त देऊ नका.