पाळी गेल्यानंतर दाढ गेली तर: इम्प्लांट, ब्रिज की कवळी?

पन्नाशी उलटल्यावर दाढ काढावी लागली की इम्प्लांटचा, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात उभा करण्याचा, विषय निघतो आणि पाठोपाठ शंकाही येते: पाळी जाऊन इतकी वर्षं झाली, हाडं ठिसूळ झाली असणार, स्क्रू धरेल का? बहुतेकींच्या बाबतीत धरतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटलं की हाड भरून येण्यापेक्षा झिजतं जास्त, आणि जबडाही त्यातून सुटत नाही. पण नुसती पाळी गेली म्हणून, किंवा हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली, म्हणजे हाडं ठिसूळ झाल्याच्या (ऑस्टिओपोरोसिसच्या) पातळीत, आला म्हणून इम्प्लांट बाद होत नाही. डेक्सा मोजते ती खुब्याची आणि मणक्यांची घनता. जबड्यात हाडाची किती उंची-रुंदी उरली आहे ते सीबीसीटी या जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्ये दिसतं. वयाच्या आकड्यापेक्षा मी तीन गोष्टी आधी विचारेन: शेजारचे दात कसे आहेत, तोंडाला कोरड पडते का आणि हाडांसाठी कोणतं औषध चालू आहे.

शेजारचे दोन्ही दात धडधाकट असतील, कधी सिमेंटही भरलेलं नसेल, तर ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांवर कॅप चढवून त्यांच्या आधाराने मधला दात बसवण्यासाठी, ते घासून कमी करणं मला जिवावर येतं. एकदा घासलेला दात परत पूर्ववत होत नाही. इथे इम्प्लांट उजवं. उलट ते दोन दात रूट कॅनाल झालेले असतील आणि कॅप बसवायचीच असेल, तर ब्रिज शहाणपणाचा. दोन-तीन खेपांत काम होतं, शस्त्रक्रिया नाही. इम्प्लांटला खालच्या जबड्यात साधारण ३ महिने आणि वरच्या जबड्यात, जिथे हाड मुळातच भुसभुशीत असतं, ४ ते ६ महिने थांबावं लागतं. हाड कमी पडलं तर बोन ग्राफ्ट, म्हणजे हाडाची भर, करावं लागतं आणि काम आणखी लांबतं. सुरुवातीचा खर्चही इम्प्लांटचाच सर्वांत जास्त.

कोरड्या तोंडाचा विचार फार जणी करत नाहीत. पाळी गेल्यावर लाळ कमी झाल्याची तक्रार अनेकींची असते, रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्यांनी त्यात भर पडते. वरची पूर्ण कवळी टाळूला चिकटते ती लाळेच्या पातळ थरामुळे. तो थर नसेल तर ती बोलताना सुटते आणि कडेखाली हिरडी सोलवटते. ब्रिजची अडचण वेगळी: कॅपच्या कडेशी, हिरडीलगत, दात किडतो आणि लवकर कळतही नाही. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतालच्या हिरडीला सूज येऊन आतलं हाड खचू शकतं. धूम्रपान, आटोक्यात नसलेला मधुमेह आणि हिरड्यांचा जुना आजार यांत हा धोका वाढतो, आणि नुसत्या रजोनिवृत्तीपेक्षा मला यांचीच जास्त काळजी वाटते.

आता औषधं. अ‍ॅलेंड्रोनेटसारख्या गोळ्या, वर्षातून एकदा शिरेतून दिलं जाणारं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, दर ६ महिन्यांनी टोचलं जाणारं डेनोसुमॅब, ही सगळी हाडाची झीज रोखतात. त्याचबरोबर जबड्याची जखम भरून येण्यात क्वचित अडथळा येतो आणि हाड उघडं पडून आठवडेच्या आठवडे तसंच राहतं. ऑस्टिओपोरोसिससाठी गोळ्या घेणाऱ्यांत हे फारच थोड्यांना होतं, साधारण हजारात एकीला किंवा त्याहूनही कमी. औषध जितकी वर्षं चालू तितका धोका वाढतो, सोबत स्टिरॉइड असतील तर अधिकच. अशा वेळी इम्प्लांट करता येतं, मात्र दातांचे डॉक्टर आणि हाडांचं औषध देणारे डॉक्टर यांचं आपसात बोलणं झालेलं हवं. कर्करोगासाठी हीच औषधं मोठ्या मात्रेत चालू असतील तर चित्र पालटतं. तिथे इम्प्लांट टाळतात.

म्हणून मग कवळी सुरक्षित, असं लगेच वाटतं. तसं सरळ नाही. ही औषधं चालू असताना नीट न बसणाऱ्या कवळीने झालेला व्रण हेही जबड्याचं हाड उघडं पडण्याचं एक कारण असतं. कवळी घेतलीत तर टोचायला लागल्याबरोबर दाखवा.

स्वतःच्या मनाने औषध थांबवू नका. अ‍ॅलेंड्रोनेट हाडात वर्षानुवर्षं मुरून राहतं, आठवडाभर गोळी चुकवून काही साधत नाही. डेनोसुमॅबचं इंजेक्शन लांबलं तर झीज उसळून मणके मोडल्याची उदाहरणं आहेत. औषध अजून सुरूच व्हायचं असेल, तर दात काढण्याची कामं आधी उरका. तसंही दात काढल्यावर पहिल्या वर्षात त्या जागच्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, त्यातली बरीचशी पहिल्या ३ महिन्यांत, त्यामुळे ‘बघू पुढे’ म्हणण्यात इम्प्लांटची जागाच आकसते.

खालचे सगळेच दात गेले असतील तर मधला मार्ग मला सगळ्यांत पटतो: पुढच्या भागात दोनच इम्प्लांट आणि त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी. खालची साधी कवळी जिभेच्या हालचालीने उचलते, ही त्यापेक्षा खूपच कमी हलते. रात्री काढून धुता येते, आणि प्रत्येक दातासाठी स्क्रू लावण्यापेक्षा शस्त्रक्रिया कितीतरी लहान.

आणि गेलेली दाढ अगदी शेवटची असेल तर मागे आधाराला दातच नसल्याने नेहमीचा ब्रिज बसत नाही. चावायला बाकीचे दात पुरत असतील तर तिथे काहीच न बसवणं हाही रीतसर पर्याय आहे. फक्त समोरच्या जबड्यातली दाढ हळूहळू मोकळ्या जागेत सरकत नाही ना, एवढं तपासणीच्या वेळी विचारत राहा.