दोन अर्धवेळ नोकऱ्या आणि घरचे डबे: ब्रिटनमध्ये एनआय कुठून भरलेला बरा?

सकाळी शाळेच्या किचनमध्ये, संध्याकाळी दुकानाच्या टिलवर आणि शनिवार-रविवारी घरून डबे. ब्रिटनमध्ये डिपेंडंट व्हिसावर आलेल्या कितीतरी मराठी बायकांची कमाई अशी तीन ठिकाणांहून येते. नॅशनल इन्शुरन्स (एनआय, म्हणजे ज्यावर सरकारी पेन्शन ठरते ती वर्गणी) मात्र प्रत्येक नोकरीचा वेगळा मोजतात. त्यामुळे वर्षभर राबूनही पेन्शनच्या नोंदीत ते वर्ष कोरं राहू शकतं. खालचे आकडे २०२५-२६ च्या करवर्षाचे आहेत.

दोन्हीकडे सारखे तास की एकीकडे जास्त?
एका नोकरीत आठवड्याला १२५ पौंडांपेक्षा कमी पगार असेल तर ती नोकरी धरतच नाहीत. किमान वेतन ताशी १२.२१ पौंड. दोन ठिकाणी दहा-दहा तास केले तर प्रत्येकी १२२.१० पौंड होतात. म्हणजे २४४ पौंड कमावूनही नोंद शून्य. (दोन्ही दुकानांचा मालक एकच असेल तर पगार एकत्र धरले जाऊ शकतात.) तेच वीस तास सहा आणि चौदा असे वाटले, की चौदा तासांचे १७०.९४ पौंड होतात आणि रेषा पार होते. शिवाय १२५ ते २४२ पौंडांच्या मधल्या पगारातून एनआय कापत नाहीत, तरी तो भरल्याचं धरतात. हा पर्याय मला सगळ्यांत चांगला वाटतो, कारण खिशातून काहीच जात नाही. मॅनेजरशी रोटाबद्दल (कामाच्या तासांच्या वेळापत्रकाबद्दल) बोलायला संकोच करू नका.

फक्त रजेकडे लक्ष ठेवा. वर्ष पूर्ण धरलं जायला अशा पगाराचे ६,५०० पौंड व्हावे लागतात. आठवड्याला १३० पौंड मिळवणारी डिसेंबरात चार आठवडे बिनपगारी रजा घेऊन भारतात गेली, तर ६,२४० च होतात आणि वर्ष हुकतं. भरपगारी रजा त्या वारीसाठी राखून ठेवलेली बरी.

डब्यांचा व्यवसाय असेल तर
खर्च वजा जाता वर्षाचा नफा ६,८४५ पौंड किंवा जास्त असेल तर वर्ष आपोआप धरतात. १२,५७० पौंडांच्या वरच्या नफ्यावर ६ टक्के क्लास ४ (नफ्यावर लागणारा एनआय) लागतो. नफा ६,८४५ पेक्षा कमी असेल तर स्वेच्छेने क्लास २ (व्यवसाय करणाऱ्यांसाठीचा स्वस्त एनआय) भरता येतो: आठवड्याला ३.५० पौंड, वर्षाचे १८२. त्यासाठी सेल्फ असेसमेंटची (स्वतः कर-विवरण भरण्याची) नोंदणी लागते. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करायला परवानगी नाही, हे घरातल्या मुलांनाही सांगा.

व्यवसाय नसेल तर
मग क्लास ३, म्हणजे व्यवसाय नसतानाही स्वेच्छेने भरता येणारा एनआय. आठवड्याला १७.७५ पौंड, म्हणजे वर्षाला ९२३. साधारणपणे मागच्या सहा वर्षांपर्यंतच्या रिकाम्या जागा भरता येतात. वर्ष थोडक्यात हुकलं असेल तर कमी पडलेल्या आठवड्यांपुरतेच पैसे भरले तरी चालतात.

नव्या स्टेट पेन्शनचा पूर्ण दर आठवड्याला २३०.२५ पौंड आहे आणि त्यासाठी सहसा ३५ वर्षं लागतात. म्हणजे एका वर्षामागे पेन्शन वर्षाला सुमारे ३४२ पौंडांनी वाढते. पेन्शन सुरू झाल्यावर क्लास २ चे १८२ पौंड सहा-सात महिन्यांत वसूल होतात, क्लास ३ चे ९२३ वसूल व्हायला पावणेतीन वर्षांच्या आसपास लागतात. दोन्ही फायद्याचे आहेत, पण डबे विकणारीने क्लास ३ भरणं म्हणजे पाचपट पैसे घालवणं.

पण किमान दहा वर्षं नसतील तर पेन्शन मिळतच नाही, आणि भरलेला एनआय परतही मिळत नाही. भारतात पेन्शन पोचते, मात्र तिथे राहणाऱ्यांना दरवर्षीची वाढ मिळत नाही. दोन-चार वर्षांत कायमचं पुण्याला परतायचं ठरलं असेल, तर क्लास ३ च्या नादी लागू नका.

मूल बारा वर्षांखालचं असेल आणि तुमच्या व्हिसावर चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) घेता येत असेल, तर तो आईच्या नावावर घ्या. त्यातूनही वर्ष धरलं जातं. पैसे भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर स्वतःची एनआय नोंद उघडून पाहा. कोणतं वर्ष अपुरं आहे आणि ते पूर्ण करायला किती लागतील, हे तिथेच दिसतं.