लिनक्समध्ये वाय-फाय नाही: फोनची केबल की विंडोजमधून डाउनलोड?

ड्युअल बूटवर (एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) विंडोजमध्ये वाय-फाय चालतं, पण लिनक्सला अडॅप्टरच सापडत नाही. अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट केबलने संगणकाला देणं) सुरू करणं मला केव्हाही सरस वाटतं. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर बहुतेक कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आधीच असतो, त्यामुळे फोन वायर्ड नेटवर्क म्हणून दिसतो. फोन स्वतः वाय-फायवर असेल तर सहसा मोबाइल डेटाही खर्च होत नाही.

विंडोजमध्ये ड्रायव्हरचं पॅकेज उतरवून लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा भाग) उघडायचं, ही दुसरी वाट. एखादी फर्मवेअर फाइलच (अडॅप्टरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) हवी असेल तर ठीक. पण ब्रॉडकॉम या चिप कंपनीच्या काही ड्रायव्हरना डीकेएमएस (कर्नलसाठी ड्रायव्हर बांधून देणारं साधन), कंपायलर आणि चालू कर्नलचे हेडर (ड्रायव्हर बांधताना लागणाऱ्या फाइल्स) लागतात. त्यातलं एक जरी राहिलं, तरी ते आणायला पुन्हा विंडोजमध्ये रीबूट! विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता पुढच्या वेळी लवकर सुरू होण्याची सोय) चालू असल्यास ते पार्टिशन बऱ्याचदा फक्त वाचण्यापुरतं उघडतं. कॉपी करायला मात्र तेवढं पुरतं.